वैमानिकाचा देहधर्म

हेलिकॉप्टर चालवणाऱ्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय उड्डाणभर गुंतलेले असतात. उजव्या हातात हेलिकॉप्टर हव्या त्या दिशेला झुकवणारा दांडा म्हणजे सायक्लिक, डाव्या हातात ते वर-खाली नेणारा कलेक्टिव्ह आणि पाय पेडलवर. स्थिर पंखांचे विमान एकदा नीट तोलून दिले की काही काळ आपोआप सरळ जाते. हेलिकॉप्टरचे, विशेषतः ऑटोपायलट नसलेल्या जुन्या हेलिकॉप्टरचे तसे नसते. हात सुटला की ते कलंडू लागते. त्यामुळे या व्यवसायात माणसाचे शरीर यंत्राच्या नियंत्रणाचाच एक भाग होऊन बसते, आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे त्याला त्याच कामी लागायचे असते. अशा शरीराची निगा हा वैमानिकाचा खासगी मामला मानायचा, की त्याच्या धर्माचा भाग? ते शरीर एकट्याचे, की मागे बसलेल्यांचेही? आणि ते झिजवणे कधी त्याग ठरते, कधी नुसती हयगय? देहाविषयीचे हे प्रश्न भारतीय विचारात फार जुने आहेत. हेलिकॉप्टर वैमानिकाच्या आयुष्यात ते रोजच्या ड्यूटीपर्यंत येऊन ठेपतात.

कामाचा देहावर होणारा परिणाम

धर्माचा विचार करण्याआधी देहावर काय गुदरते ते पाहणे आवश्यक आहे. कलेक्टिव्हचा दांडा आसनाच्या डाव्या अंगाला, खाली असतो. तो धरताना डावा खांदा उतरतो आणि धड किंचित डावीकडे झुकते. सायक्लिक गुडघ्यांच्या मधोमध असतो. त्याची हालचाल अगदी बारीक ठेवावी लागते, म्हणून बहुतेक वैमानिक कोपरापुढचा उजवा हात मांडीवर टेकवतात, आणि तो टेकावा म्हणून पुढे वाकतात. पाठ आसनाला लागत नाही. पाय पेडलवर असल्याने त्यांच्यावर भार देऊन सावरून बसताही येत नाही. पुढे झुकलेली आणि एका बाजूला वळलेली ही बैठक तासन्‌तास टिकते.

तिच्यात कंपनांची भर पडते. चेतक हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला जवळपास सहा. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा कंपनांच्या आसपास सर्वांत जास्त हलतो. रोटरची लय आणि कण्याची स्वाभाविक लय अशी जवळजवळ आली की पाठीच्या स्नायूंना कणा सावरण्यासाठी सतत आखडून राहावे लागते. सुरुवातीच्या वर्षांत कंबर उड्डाणानंतर दुखते आणि रात्रीच्या झोपेने बरी होते. पुढे ती सकाळीही दुखू लागते. अनेक देशांतील पाहण्यांमध्ये निम्म्याहून अधिक हेलिकॉप्टर वैमानिकांनी कंबरदुखीची तक्रार सांगितली आहे. रात्रीच्या उड्डाणात हेल्मेटवर नाइट व्हिजन गॉगल चढवले की डोक्यावरचा भार दोन किलोंच्या वर जातो, आणि तोही पुढच्या बाजूला. मग मानेचीही तीच गत होते.

कानांची झीज अधिक कपटी असते, कारण ती दुखत नाही. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही साधारण सुरक्षित मर्यादा मानतात, आणि प्रत्येक तीन डेसिबलच्या वाढीबरोबर सुरक्षित वेळ निम्मा होतो. हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमधील आवाज ही मर्यादा सहज ओलांडतो. ४००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकू येणे आधी कमी होते. हा पट्टा गेला तरी सामान्य संभाषण चालू राहते, त्यामुळे नुकसान वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. याशिवाय काचेच्या छताखालचा उकाडा, घामाने कमी होणारे शरीरातील पाणी आणि अवेळी जेवण. हेलिकॉप्टरच्या कक्षात हवेचा दाब राखलेला नसतो, म्हणून उंचीवरची विरळ हवाही वैमानिक थेट सोसतो. प्राणवायू कमी पडला की रात्रीची दृष्टी सर्वांत आधी मंदावते.

देहाविषयीच्या दोन चुका

देहाकडे पाहण्यात माणूस दोन टोकांच्या चुका करतो. काहींना देह तुच्छ वाटतो, तर काही जण त्याचेच कोडकौतुक करत बसतात. एकनाथी भागवतात संत एकनाथांनी नरदेहाविषयी हाच पेच मांडला आहे. वाईट म्हणून देह टाकावा तर मोक्षाचे साधनच हातचे जाते. चांगला म्हणून भोगत राहावे तर अधोगती होते. त्यांनी काढलेला मार्ग असा की देह टाकायचा नाही आणि त्याच्या आहारीही जायचे नाही. तो सत्कार्याला लावायचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांतील योग्य मापाला योग म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरीने त्या मापाचा विस्तार केला आहे. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच उपास काढणाऱ्यालाही नाही. महाराष्ट्रात समर्थ रामदासांच्या परंपरेने मारुतीची उपासना आणि बलोपासना यांची सांगड घातली. तिच्यात बळकट शरीर हे भक्तीच्या आड येत नाही, ते तिचे अंग होते.

वैमानिकांच्या जगात या दोन्ही चुका दिसतात. पहिली अधिक आढळते. दुखणे अंगावर काढणे म्हणजे मर्दुमकी, पाठीची तक्रार करणे म्हणजे नाजूकपणा, अशी समजूत तरुण वैमानिकांत लवकर रुजते. लष्करी पार्श्वभूमी असलेल्यांत तिला शौर्याचे नाव मिळते. दुसरी चूक उतारवयात दिसते: प्रत्येक तपासणीची धास्ती, औषधांचा मारा, आणि देहाखेरीज दुसरा विचार न सुचणे. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे शरीर ही आपल्या मालकीची वस्तू आहे. मालक आपल्या वस्तूची हेळसांड करू शकतो, तशी तिची पूजाही करू शकतो. विश्वस्ताला मात्र दोन्हींची मुभा नसते. गांधीजींनी संपत्तीच्या बाबतीत विश्वस्तवृत्तीचा विचार मांडला. तो वैमानिकाच्या देहाला चपखल लागू पडतो. मुंबई हाय या तेलक्षेत्राचे उदाहरण घ्या. मुंबईपासून ते सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात आहे. जुहूच्या धावपट्टीवरून तिकडे निघालेल्या हेलिकॉप्टरमधील तेल कामगार लाइफ जॅकेट बांधून बसतो, तेव्हा त्याने आपला जीव ज्यांच्यावर सोपवलेला असतो त्यांत वैमानिकाचे डोळे, कान, कणा आणि रात्रीची झोप ही सारी येतात. पुढे बसलेला माणूस रात्री नीट झोपला होता की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. ज्याला तपासता येत नाही त्याच्या वतीने स्वतःला तपासणे हे वैमानिकाचे कर्तव्य होते.

रोजची शिस्त

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात रोखू नयेत अशा तेरा वेगांचा, म्हणजे नैसर्गिक प्रेरणांचा, विचार येतो. भूक, तहान, झोप आणि मूत्र हे त्यांत आहेत. हेलिकॉप्टर वैमानिकाच्या दिनक्रमात हे चारही वेग रोखले जातात. कॉकपिटमधून उठण्याची सोय नाही, म्हणून तो सकाळपासून पाणी कमी पितो. इंजिन चालू ठेवूनच प्रवासी चढतात-उतरतात, म्हणून मधल्या थांब्यावरही लघवीला जाणे होत नाही. एका बाजूने पाणी कमी आणि दुसऱ्या बाजूने घाम जास्त, अशा अवस्थेत काही वर्षे काढली की मूतखड्याचा धोका वाढतो. मूतखड्याची कळ उड्डाणात उठली तर नियंत्रण हातात ठेवणे कठीण होते. त्यावरचा उपाय साधा आहे: थोड्या थोड्या वेळाने पाणी पिणे, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन बंद करून खाली उतरण्याइतका अवकाश वेळापत्रकात मागून घेणे. ही मागणी करायला संकोच वाटतो, म्हणून तिला धर्माचे बळ लागते.

पाठीसाठीही उपाय ठाऊक आहेत. आसन आणि पेडल यांचे अंतर प्रत्येक उड्डाणापूर्वी आपल्या उंचीप्रमाणे लावून घ्यावे. कमरेच्या खोलगट भागाला आधार द्यावा. को-पायलट असेल तर नियंत्रण आलटून पालटून घेऊन पाठ मागे टेकवावी. पोटाचे, कमरेचे आणि नितंबांचे स्नायू बळकट ठेवणारा व्यायाम आठवड्यातून अनेकदा करावा. सूर्यनमस्कार हा मराठी घरांतला परिचित व्यायाम आहे, पण त्यात कमरेतून वारंवार वाकावे लागते. मणक्यांमधील चकतीचा त्रास असलेल्याने तो तज्ज्ञाला विचारूनच करावा. लांबच्या उड्डाणानंतर लगेच जड सामान उचलू नये, कारण कंपनांनी थकलेल्या कण्याला तेव्हा इजा लवकर होते. कानांसाठी हेल्मेटच्या आत इअरप्लगचा दुहेरी बचाव घ्यावा, आणि इंजिन चालू असलेल्या हेलिकॉप्टरजवळ उघड्या कानांनी उभे राहू नये. धूम्रपान टाळावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो आणि माणूस जमिनीवर असतानाच उंचीवर असल्यासारखा होतो.

झोपेची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्यात विचारशक्तीच गोवली जाते. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे कामातील कौशल्य, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके उतरते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. थकलेल्याला आपला थकवा नीट जोखता येत नाही, कारण जोखणारी बुद्धीच थकलेली असते. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात देह हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी ही सारथी आहे. सारथीच पेंगत असेल तर त्याने स्वतःला जागे असल्याचे दिलेले प्रमाणपत्र कुचकामी असते. ड्यूटीच्या तासांवरील मर्यादा आणि सक्तीची विश्रांती यांचे नैतिक समर्थन येथे आहे. भारतात उड्डाणापूर्वी किमान १२ तास मद्य वर्ज्य आहे आणि ड्यूटीवर श्वासाची तपासणी होते, तीही याच कारणासाठी. नियम हा वैमानिकावरचा अविश्वास नसतो. बुद्धी शाबूत असताना माणसाने, ती शाबूत नसेल त्या वेळेसाठी करून ठेवलेली ती तरतूद असते. योगशास्त्रात यम-नियमांना आसन आणि ध्यान यांच्या आधी जे स्थान आहे, त्यामागचा विचारही असाच आहे.

सत्य आणि अभय

शिस्तीहून कठीण गोष्ट म्हणजे खरे सांगणे. व्यावसायिक वैमानिकाला ठरावीक काळाने मेडिकलला सामोरे जावे लागते: रक्तदाब, ईसीजी, दृष्टी, श्रवण, रक्तातील साखर. चाळिशीनंतर ही तपासणी अधिक काटेकोर होते. पण तपासणी एका दिवसाची असते आणि उड्डाणे वर्षभराची. मधल्या काळात काय झाले हे फक्त वैमानिकाला ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय नियमांनीही हे ओळखले आहे. हाती वैध प्रमाणपत्र असले तरी प्रकृती उतरल्याचे जाणवताच उड्डाण न करण्याची जबाबदारी त्यांनी परवानाधारकावरच टाकली आहे.

चरकाने रोगाच्या कारणांत प्रज्ञापराध मोजला आहे. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे माणूस जाणूनबुजून जे अहितकारक करतो, तो प्रज्ञापराध. सर्दीने कानांना दडे बसलेले असताना उड्डाण करणे, झोप आणणारी सर्दीची गोळी घेऊन ते डॉक्टरांना न सांगणे, छातीत झालेली धडधड कोणाला न कळवणे, हे या अपराधाचे वैमानिकी नमुने आहेत. एरवी प्रज्ञापराधाचे फळ बहुतांशी करणाऱ्यालाच भोगावे लागते. येथे त्यात इतरांचाही जीव जाऊ शकतो. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचे प्रवासी विमान फ्रेंच आल्प्समध्ये कोसळले आणि १५० जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने ते हेतुपुरस्सर खाली नेले होते. डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरवल्याचे त्याने कंपनीपासून लपवले होते. ते हेलिकॉप्टर नव्हते, आणि मनाने आजारी असलेली माणसे धोकादायक असतात असाही त्याचा अर्थ नाही. त्यातून निघालेला धडा वेगळा आहे. परवाना जाईल, कर्ज फिटणार नाही, लोक काय म्हणतील, या भीतीपोटी माणूस आजार लपवतो, आणि लपवलेल्या आजारावर उपचार होत नाहीत. त्यानंतर युरोपात विमान कंपन्यांना वैमानिकांसाठी सहकारी आधाराची व्यवस्था ठेवणे बंधनकारक झाले. तिच्यात वैमानिक आपल्यासारख्याच दुसऱ्या प्रशिक्षित वैमानिकाशी मोकळेपणाने बोलू शकतो.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. तिच्यात अभय सर्वांत आधी येते आणि सत्य त्यानंतर. वैमानिकांच्या आरोग्याच्या बाबतीत हा क्रम विशेष महत्त्वाचा आहे. माणसाकडून सत्याची अपेक्षा करणाऱ्या संस्थेने आधी त्याला अभय द्यायला हवे. कंबरदुखी सांगितली म्हणून ज्याच्या चांगल्या ड्यूट्या जातात, निद्रानाश सांगितला म्हणून ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, तो पुढच्या वेळी गप्प राहतो. तात्पुरते ग्राउंड झालेल्याला, म्हणजे उड्डाणापासून थांबवलेल्याला, पगाराचे संरक्षण, परवाना गमावण्याचा विमा, आणि बरे झाल्यावर परत उड्डाणावर येण्याचा स्पष्ट मार्ग या तिन्ही गोष्टी सत्याला जागा करून देतात. सत्याचे सगळे ओझे एकट्या वैमानिकावर टाकणे अन्यायाचे आहे. मात्र अभय नव्हते या सबबीवर असत्यही क्षम्य ठरत नाही, कारण मागे बसलेल्या प्रवाशाचा त्या व्यवहारात काहीच दोष नसतो.

मनाचे वेग

चरकाने रोखू नयेत अशा वेगांबरोबरच रोखावेत असेही वेग सांगितले आहेत: लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार आणि त्यांसारखे इतर. दीर्घ कारकिर्दीत मनाचे आरोग्य या दुसऱ्या यादीवर अवलंबून असते. रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या सेवेत याचा एक विचारपूर्वक घडवलेला नमुना सापडतो. अमेरिकेत अशा अनेक सेवांमध्ये, उड्डाण करायचे की नाही हे ठरवण्यापूर्वी वैमानिकाला रुग्णाची माहिती दिली जात नाही. बाळ आहे की वृद्ध, जखम किती गंभीर आहे, यातले त्याला काहीही कळवत नाहीत. तो फक्त हवामान, अंतर, इंधन आणि स्वतःची अवस्था पाहतो. त्याच्यात करुणा नसते असे नाही. ती आहे हे जाणूनच ही व्यवस्था केलेली असते. लहान मूल मरणाच्या दारात आहे हे कळल्यावर ढगांची उंची पुरेशी वाटू लागते, आणि त्यात सगळेच जातात. उड्डाणासाठी पथकातील सर्वांची संमती लागते. एकानेही नको म्हटले तर उड्डाण रद्द होते. निष्काम कर्माचे तत्त्व इतक्या नेमक्या रूपात क्वचितच पाहायला मिळते: फळाची ओढ निर्णयाच्या वेळेपुरती बाजूला ठेवली जाते, ती फळ खरोखर मिळावे म्हणूनच.

उड्डाण रद्द केल्यावर, किंवा नेलेला रुग्ण दगावल्यावर येणारा शोक मात्र कायमचा दाबून ठेवायचा नसतो. चरकाच्या पहिल्या यादीत अश्रूही आहेत. कॉकपिटमध्ये भावनेचा वेग आवरणे आणि जमिनीवर तिला वाट करून देणे, या दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीत बसतात. घरच्यांशी बोलणे, सहकाऱ्यांसह घटनेचा आढावा घेणे, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे, हे सर्व देहधर्मातच मोडते.

त्याग आणि हयगय

या विचारावर एक गंभीर आक्षेप येतो. एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्याची ऑपरेशन मेघदूत ही मोहीम सुरू झाल्यापासून सियाचिन हिमनदीवरील ठाण्यांना चेतक आणि चीता हेलिकॉप्टरांचा आधार आहे. तेथे ६००० मीटरच्या आसपास, शरीराला न मानवणाऱ्या विरळ हवेत, रॉकेलचे डबे पोहोचवायचे आणि आजारी जवान खाली आणायचे असतात. भाराचा हिशेब किलो-किलोने करावा लागतो, आणि हेलिपॅडवर काही क्षणच टेकता येते. तेथे जाणारा वैमानिक आपले शरीर पणाला लावतो. देह जपणे हा धर्म असेल, तर हे काय?

त्याग आणि हयगय यांतला भेद तीन कसोट्यांवर स्पष्ट होतो. पहिली कसोटी जाणिवेची: त्याग करणाऱ्याला आपण काय देत आहोत हे नेमके ठाऊक असते, हयगय करणारा तिकडे पाहणेच टाळतो. दुसरी हेतूची: जवानाचा जीव वाचवण्यासाठी सोसलेली थंडी आणि आपण कच्चे दिसू नये म्हणून सोसलेली कंबरदुखी यांचे मोल सारखे नाही. तिसरी तयारीची: जो मोठ्या जोखमीला सामोरा जाणार असतो, त्याला टाळता येण्यासारखी छोटी जोखीम बरोबर नेण्याचा अधिकार नाही. हिमनदीवर उडणाऱ्याला विरळ हवेची सवय करून घ्यावी लागते, प्राणवायूचा मास्क वापरावा लागतो, झोप आणि पाणी सांभाळावे लागते. अपुऱ्या झोपेने तेथे जाण्यात त्यागाची भर पडत नाही. ज्याच्यासाठी त्याग करायचा त्या जवानाचाच धोका वाढतो. म्हणून त्याग आणि आरोग्य यांत विरोध नाही. त्यागाची पात्रता आरोग्यातूनच येते.

सोडण्याची कला

चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची डोळ्यांची क्षमता कमी होते, स्नायूंचे वस्तुमान घटते, झोप हलकी होते. हे आजार नाहीत. तो देहाचा क्रम आहे. अनुभव त्याची बरीच भरपाई करतो. पन्नाशीतला वैमानिक संकट ओढवण्याआधीच ते टाळतो, त्यामुळे त्याला चपळाईची गरज कमी पडते. पण भरपाईला मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक वाहतुकीच्या नियमांत एकट्याने उडणाऱ्यासाठी ६० आणि दुसऱ्या वैमानिकासह उडणाऱ्यासाठी ६५ वर्षांची वयोमर्यादा आहे. काहींना आजारपणामुळे त्याआधीच थांबावे लागते.

ज्याने तीस वर्षे स्वतःची ओळख वैमानिक एवढीच ठेवली, त्याला हे थांबणे मरणासारखे वाटते. शेवटच्या वर्षांत आजार लपवण्याचा मोह म्हणूनच सर्वांत प्रबळ असतो. आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थाची कल्पना आहे. तिच्यात माणूस अधिकार सोडतो, पण ज्ञान पुढच्यांच्या हाती देतो. सिम्युलेटरवरचा प्रशिक्षक, सुरक्षा अधिकारी, नव्या वैमानिकांच्या आधाराला उभा राहणारा ज्येष्ठ सहकारी, ही वैमानिकाच्या वानप्रस्थाची रूपे आहेत. त्यांची तयारी परवाना हातात असतानाच सुरू करावी. सोडण्याची तयारी असलेला माणूस मेडिकलच्या टेबलावर निर्भयपणे खरे बोलू शकतो, आणि खरे बोलणाऱ्याचे आजार वेळेत पकडले जाऊन त्याची कारकीर्द बहुधा लांबतेच.

विश्वस्ताने ठेव परत करायची असते. दीर्घ कारकिर्दीनंतर वैमानिकाचे शरीर पुन्हा त्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे होते. तोवर त्याची पाठ ताठ असावी, नातवंडांचे बोलणे ऐकू येईल इतके कान शाबूत असावेत, रात्री झोप लागावी, एवढी अपेक्षा धरण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मागच्या आसनावरच्या माणसासाठी पाळलेली शिस्त, पाण्याच्या घोटापासून खरे सांगण्याच्या सवयीपर्यंत, शेवटी त्याच्याही कामी येते. परार्थ आणि स्वार्थ यांची गाठ या व्यवसायात देहापाशीच पडते, आणि म्हणून वैमानिकाची प्रकृती हा त्याच्या धर्माचा विषय ठरतो.